आंतरजालावरील बैठे खेळ

पट, सोंगट्या, फासे अथवा पत्ते घेऊन समोरासमोर बसून खेळावयाचे पारंपरिक खेळ, परस्परांपासून दूर असलेल्या खेळाडूंनी संगणकांच्या जाळ्याद्वारे खेळण्याची पद्धती. बुद्धिबळ, गो, बॅकगॅमन, ड्राफ्ट्स, ब्रिज, हार्ट्स, रमी, ल्यूडो हे या पद्धतीने खेळले जाणारे प्रमुख खेळ होत. संगणकाच्या पडद्यावरच जन्मास आलेल्या व्हिडिओ खेळांचा यांत समावेश होत नाही. या खेळांपैकी बहुतेकांचे नियम आंतरजालापूर्वीच स्थिर झालेले असल्यामुळे त्यांत फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला तो बैठकीच्या व्यवस्थेत. समोरासमोरच्या बैठकीत पत्ते कोणी पिसावयाचे, घड्याळावर कोणी लक्ष ठेवावयाचे, तंटा झाल्यास कोणाचे ऐकावयाचे, हे खेळाडू आपसांत ठरवीत. आंतरजालावर ही सर्व कामे खेळाडूंच्या मध्ये असलेल्या तिसऱ्या पक्षाकडे, म्हणजे ‘सर्व्हर’ या नावाने ओळखला जाणारा मध्यवर्ती संगणक व त्याचा चालक यांच्याकडे गेली. या खेळांचा १९९० नंतरचा इतिहास म्हणजे बव्हंशी या तिसऱ्या पक्षाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : दूर अंतरावरून खेळण्याची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. बुद्धिबळाच्या पटावरील प्रत्येक घराला नाव देता येते व खेळी दोन-चार अक्षरांत लिहिता येते. शिवाय दोन्ही पक्षांची सर्व मोहरी उघड असतात. त्यामुळे दोघांनी आपापल्या घरी पट मांडून एकमेकांना खेळ्या कळविल्या, तरी डाव निर्वेधपणे चालतो. एडिंबरो व लंडन येथील बुद्धिबळ मंडळांत १८२४ ते १८२८ या काळात टपालाने झालेला सामना या प्रकारातील विशेष प्रसिद्ध सामना होय. पाच डावांच्या या सामन्यात एडिंबरोने दोन डाव जिंकले, लंडनने एक जिंकला व दोन बरोबरीत सुटले. ‘स्कॉच’ या नावाने ओळखली जाणारी डावाची सुरुवात या सामन्यामुळेच रूढ झाली. एका डावात लंडनकरांनी वेळ वाचावा म्हणून पुढील काही खेळ्या एकदम कळविल्या आणि मागाहून त्यांतील एक परत घेण्याची इच्छा व्यक्त केली. एडिंबरोने ती अमान्य केली. पंच कोणीच नव्हता. पत्रातील लिखित शब्द हाच पुरावा आणि तोच निवाडा ठरला.

टपालाची जागा पुढे तारायंत्राने घेतली. अमेरिकेत वॉशिंग्टन व बॉल्टिमोर यांमधील मोर्सची तार सुरू झाली त्याच वर्षी, १८४४ मध्ये, त्या तारेवरून ड्राफ्ट्स व बुद्धिबळ यांचे डाव खेळले गेले. समुद्रातील तारेवरून ब्रिटन व अमेरिका यांच्या संघांचे सामने १८९६ पासून होऊ लागले, तर १८९७ मध्ये ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्स व अमेरिकेचे प्रतिनिधिगृह यांच्या सदस्यांतही असा एक सामना झाला व तो बरोबरीत सुटला. दुसरे महायुद्ध संपताच सप्टेंबर १९४५ मध्ये सोव्हिएट रशिया व अमेरिका यांच्यात बिनतारी संदेशांनी दहा पटांवर सामना झाला. तो रशियाने १५½–४½ असा जिंकला आणि बुद्धिबळातील पुढील कित्येक दशकांचे सोव्हिएट वर्चस्व जगास प्रथम दिसले. हाव्हॅना येथील १९६५ च्या कापाब्लांका स्मृतिस्पर्धेसाठी क्यूबाला जाण्यास अमेरिकी शासनाने बॉबी फिशरला मुभा दिली नाही. तेव्हा त्याने न्यूयॉर्कच्या मार्शल बुद्धिबळ मंडळात बसून टेलिटाइपवरून सर्व डाव खेळले व दुसऱ्या क्रमांकात वाटा मिळविला.

या सर्व प्रकारांत तार वा टपाल हे निव्वळ वाहक होते. टपालखात्यास डाव कोण जिंकतो याच्याशी कर्तव्य नव्हते, वा घोडा अडीच घरे चालतो हेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पत्त्यांचे व फाशांचे खेळ या मार्गाने रुजू शकले नाहीत, याचे कारणही येथेच आढळते. पत्ते झाकलेले असावे लागतात. ते वाटणारा कोणीतरी हवा आणि वाटणाऱ्यावर दोघांचाही विश्वास हवा. केवळ वाहकाकडून हे काम होण्यासारखे नव्हते.

मध्यवर्ती संगणकाचा उदय : इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर १९७० नंतरच्या दशकात विद्यार्थी निरनिराळ्या टर्मिनलांवरून एकमेकांशी खेळ खेळत असत. परंतु जगभरच्या अनोळखी खेळाडूंना एकत्र आणणारी केंद्रे विद्यापीठांना जोडणाऱ्या आंतरजालावर १९९० च्या सुमारास निघाली. मॅथ्यू क्लेग याने १९९० मध्ये ब्रिजसाठी ‘ओकेब्रिज’ सुरू केले. बुद्धिबळासाठीचा ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ १५ जानेवारी १९९२ रोजी युटा विद्यापीठातील संगणकावर सुरू झाला. मायकेल मूर व रिचर्ड नॅश हे त्याचे आरंभीचे कर्ते होत. त्याच वर्षी गो या खेळासाठी व बॅकगॅमनसाठीही अशी केंद्रे निघाली. बॅकगॅमनचे केंद्र आंड्रेआस श्नायडर याने उभारले होते. या केंद्रांवर चित्रे नव्हती. बुद्धिबळाचा पट रेषा व अक्षरे यांनी काढलेला असे. दर खेळीनंतर तो पडद्यावर पुन्हा छापला जाई आणि खेळाडू आपली खेळी टंकलिखित करी. इतक्या तुटपुंज्या सोयींवरही रात्रंदिवस डाव चालत.

या आरंभीच्या केंद्रांपुढील मोठी अडचण कालमापनाची होती. पाच मिनिटांच्या डावात खेळी पोहोचण्यास पाच-दहा सेकंद लागले, तर दूरच्या खेळाडूचा वेळ त्याच्या दोषाविना संपे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डॅन्येल स्लीटर याने बुद्धिबळ केंद्राची धुरा हाती घेतल्यावर यावर उपाय काढला. खेळाडूच्या स्वतःच्या संगणकावरच त्याच्या विचाराचा वेळ मोजून तो खेळीबरोबर पाठविण्याची ही योजना होती. दुसरी सुधारणा गुणांकनाची. हंगेरियन-अमेरिकन प्राध्यापक आर्पाद एलो याची गुणांकनपद्धती आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली होती. परंतु वर्षाकाठी काही थोडे डाव खेळणाऱ्यांसाठी ती आखलेली होती. आंतरजालावर कोणी एका रात्रीत तीस डाव खेळे, तर कोणी सहा महिन्यांनी उगवे. मार्क ग्लिकमन याने १९९५ मध्ये मांडलेल्या ‘ग्लिको’ पद्धतीत खेळाडूच्या गुणांकाबरोबर त्या गुणांकाची अनिश्चितताही मोजली जाते : खेळाडू जितका काळ दूर राहील तितकी ती वाढते व त्यानंतरच्या डावांनी गुणांक अधिक वेगाने हलतो. या गुणांकांनी एक नवे व्यसनही निर्माण केले. खेळासाठी गुणांक ही मूळ व्यवस्था असता गुणांकासाठी खेळ असे अनेकांचे होऊन बसले.

१९९५ ची फूट : बुद्धिबळ केंद्रावरील घडामोडीने या क्षेत्रातील मूलभूत प्रश्न प्रथमच उघड केला. केंद्राची आज्ञावली अनेकांनी विनामोबदला सुधारली होती, साहाय्याची टिपणे स्वयंसेवकांनी लिहिली होती, नवख्यांना शिकविण्याचे आणि तंटे मिटविण्याचे काम खेळाडूच करीत होते. मार्च १९९५ मध्ये स्लीटरने ‘इंटरनेट चेस क्लब’ या नावाने केंद्राचे व्यापारी संस्थेत रूपांतर केले आणि वार्षिक ४९ डॉलर वर्गणी ठेवली. संगणक, जोडणी व देखभाल यांचा खर्च कोणीतरी सोसावयास हवा, ही त्याची बाजू निराधार नव्हती. परंतु ज्यांच्या श्रमांवर केंद्र उभे राहिले त्यांनाच तेथे शिरण्यासाठी पैसे मोजावे लागावेत, हे अनेकांना असह्य झाले. त्याच महिन्यात असंतुष्टांनी ‘फ्री इंटरनेट चेस सर्व्हर’ हे विनाशुल्क केंद्र सुरू केले. पुढील अनेक वर्षे दोन्ही केंद्रे शेजारी-शेजारी नांदली. नामांकित खेळाडू बहुधा पहिल्याकडे गेले, कारण ग्रँडमास्टरांना तेथे वर्गणी नव्हती व इतरांची वर्गणी त्यांना पाहण्याखेळण्यासाठीच होती. मुक्ततेचा आग्रह मात्र टिकून राहिला. फ्रेंच प्रोग्रॅमर तिबो द्युप्लेसी याने २०१० मध्ये सुरू केलेले ‘लिचेस’ हे केंद्र देणग्यांवर चालते, जाहिराती घेत नाही आणि त्याची आज्ञावली कोणासही पाहावयास व वापरावयास खुली आहे.

सर्वसामान्यांपर्यंत हे खेळ नेले ते मात्र मोठ्या कंपन्यांनी. मायक्रोसॉफ्टने १९९० मध्ये आपल्या ‘विंडोज’ प्रणालीत एकट्याने खेळावयाचा सॉलिटेअर घातला. कार्यालयांतून तो किती खेळला गेला हे सांगावयास नकोच. विंडोजच्या १९९२ मधील कार्यालयीन आवृत्तीत हार्ट्स एकाच कचेरीतील चार संगणकांवरून खेळता येऊ लागला आणि २००० च्या आवृत्तीत हार्ट्स, स्पेड्स, ड्राफ्ट्स, रिव्हर्सी व बॅकगॅमन आंतरजालावरून खेळण्याची सोय आली. ‘याहू’ या कंपनीनेही १९९८ पासून अशी दालने उघडली. तेथे खोल्या असत, टेबले असत, बघ्यांना बसावयास जागा असे, आणि खेळापेक्षा गप्पांसाठी येणाऱ्यांची संख्याही लहान नव्हती. याहूवरील हे पारंपरिक खेळ २०१४ मध्ये बंद झाले. मायक्रोसॉफ्टने आपल्या जुन्या आवृत्त्यांवरील खेळ २०१९ व २०२० मध्ये थांबविले. पत्त्यांचा जोड कंपनी बुडाली तरी खेळणाऱ्याच्या खणात राहतो. येथे मात्र केंद्र मिटताच वर्षानुवर्षांचे गुणांक, डावांच्या नोंदी आणि केवळ टोपणनावांनी परिचित असलेले भिडू एका दिवसात नाहीसे झाले.

पिसणे व वाटणे : पत्त्यांच्या खेळात तिसऱ्या पक्षावरील विश्वास सर्वाधिक पणास लागतो. गुप्तलेखनशास्त्रात प्रसिद्ध असलेले रिव्हेस्ट, शमीर व एड्लमन यांनी १९७९ मध्येच एक प्रश्न हाताळला होता : पत्ते हातात न घेता, केवळ दूरध्वनीवरून, दोन अविश्वासू खेळाडूंना पोकर खेळता येईल काय? पत्ते सांकेतिक कुलपांत बंद करून ते तिऱ्हाइताविना कसे वाटता येतील, याची रीत त्यांनी दाखविली. ती तात्त्विक दृष्ट्या मोलाची असली, तरी प्रत्यक्षातील केंद्रांनी सोपा मार्ग पत्करला. पत्ते मध्यवर्ती संगणकच पिसू लागला.

संगणकाचे पिसणे कितपत खरे असते, हे १९९९ मध्ये दिसून आले. पैसे लावून पोकर खेळविणाऱ्या केंद्रांना आज्ञावली पुरविणाऱ्या एका कंपनीने आपला प्रामाणिकपणा पटविण्यासाठी पिसण्याची रीत जाहीर केली. बावन्न पत्त्यांच्या मांडण्या सु. ८ या अंकापुढे ६७ शून्ये इतक्या संभवतात. कंपनीची रीत मात्र ज्या बीजसंख्येपासून आरंभ करी, तिच्या सु. ४ अब्ज २९ कोटी किंमतीच शक्य होत्या. त्यातही ती संख्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सहस्रांश सेकंदांवरून घेतलेली असल्याने ८ कोटी ६४ लक्षांहून अधिक मांडण्या प्रत्यक्षात येऊच शकत नव्हत्या. संगणक-सुरक्षेच्या काही अभ्यासकांनी आपले घड्याळ केंद्राच्या घड्याळाशी जुळवून हा आकडा सु. दोन लक्षांवर आणला. मग स्वतःच्या हातातील दोन व टेबलावर उघडलेली तीन अशी पाच पाने पाहून सर्वांच्या हातांतील पत्ते तत्काळ सांगता येऊ लागले. दोष प्रसिद्ध झाल्यावर तो दुरुस्त करण्यात आला. यात कपट नव्हते, अज्ञान होते. रीत उघड केली नसती, तर ते किती काळ झाकून राहिले असते हा प्रश्न उरतोच. बॅकगॅमनच्या केंद्रांवर फासे खोटे पडतात अशी हरणाऱ्यांची ओरड नित्याची आहे. हाताने टाकलेल्या फाशांनाही हरणारा दोष देतोच. पण तेथे फासा उचलून पाहता येतो.

अदृश्य प्रतिस्पर्धी : ‘डीप ब्लू’ या संगणकाने मे १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारॉव्हचा पराभव केला, तेव्हा तो संगणक अवाढव्य होता. थोड्याच वर्षांत त्याहून बलवान आज्ञावल्या घरगुती संगणकांवर व पुढे खिशातील दूरध्वनीवर आल्या. परिणामी पटापलीकडे माणूस आहे की यंत्र, हे खेळाडूस कळेनासे झाले. टपाली बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वास्तव ओळखून यंत्राच्या साहाय्यास मुभा दिली आहे. जलद डावांच्या केंद्रांना ते शक्य नव्हते. त्यांनी खेळ्यांची यंत्राच्या खेळ्यांशी तुलना, प्रत्येक खेळीस लागलेला वेळ इत्यादींवरून संशयितांना वगळण्याच्या पद्धती उभारल्या. वगळलेल्यास पुरावा बहुधा दाखविला जात नाही, कारण तो दाखविल्यास पुढचा लबाड सावध होईल. यात निरपराध्यावर अन्याय होण्याचा संभव राहतो आणि तो दूर करण्याचा समाधानकारक उपाय सापडलेला नाही. गोच्या क्षेत्रात डिसेंबर २०१६ च्या अखेरीस ‘मास्टर’ असे नाव धारण करणाऱ्या एका अज्ञात खेळाडूने आशियातील केंद्रांवर अग्रगण्य व्यावसायिकांना एकामागून एक हरविले. साठ डावांत अपराजित राहिल्यावर ४ जानेवारी २०१७ रोजी तो ‘अल्फागो’ या आज्ञावलीचा नवा अवतार असल्याचे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले.

करोना महामारीच्या काळात, २०२० मध्ये, समोरासमोरच्या स्पर्धा थांबल्या व बुद्धिबळ महासंघाने ऑलिंपियाड आंतरजालावर भरविले. नाशिकचा विदित गुजराथी भारतीय संघाचा कर्णधार होता व नागपूरची दिव्या देशमुख संघात होती. २८ ऑगस्ट रोजी उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क तुटला व तो वेळेवर हरला. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि निषेधार्थ त्या संघाने पुढील भाग खेळण्यास नकार दिला. दोनच दिवसांनी रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला भाग ३–३ असा सुटल्यावर, दुसऱ्या भागात निहाल सरीन व दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटून ते वेळेवर हरले. त्या दिवशी आंतरजालाच्या मोठ्या भागात जागतिक स्वरूपाचा बिघाड झालेला होता. अपील समितीचे एकमत होऊ शकले नाही आणि महासंघाचे अध्यक्ष आर्कादी द्वोर्कोविच यांनी भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. बिघाड व्यापक होता, हा दोन प्रसंगांतील फरक खरा आहे. तथापि पटावरील एकाच घटनेस दोन न्याय मिळाले, ही आर्मेनियाची खंत समजण्यासारखी आहे.

भारतातील स्थिती : स्मार्टफोन व स्वस्त जोडणी यांमुळे भारतात या खेळांचा प्रसार मुख्यत्वे २०१६ नंतर झाला. सोंगट्यांच्या पटापासून इंग्लंडमध्ये बनलेला ल्यूडो नवी मुंबईतील एका कंपनीच्या ‘ल्यूडो किंग’ या आज्ञावलीच्या रूपाने घरोघरी गेला व २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरच्या कुटुंबांचा तो नित्याचा खेळ झाला. मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन यांसारख्या खेळांचे नियम गावोगावी, किंबहुना घरोघरी निराळे. आज्ञावलीस मात्र कोणता तरी एकच पाठ निवडावा लागतो व तोच हळूहळू प्रमाण ठरू लागतो. खाणाखुणांनी भिड्यास हुकूम सुचविण्याची जुनी, नियमबाह्य पण सर्वमान्य कलाही येथे लोपते.

पैसे लावून खेळण्याचा प्रश्न निराळा आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ याने निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. सिकंदराबाद येथील एका मंडळाच्या प्रकरणात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे यात कसब लागते, असे त्याचे कारण दिले. आंतरजालावर रमी खेळविणाऱ्या कंपन्यांनी याच निर्णयाचा आधार घेतला. त्याच निर्णयपत्रातील दुसऱ्या विधानाकडे मात्र कमी लक्ष दिले गेले : पैज लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक वा मंडळ नफा मिळवीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेणारे केंद्र म्हणजे नेमका असा मालक काय, हा वादाचा गाभा होय. तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांनी केलेले बंदीचे कायदे तेथील उच्च न्यायालयांनी अनुक्रमे २०२१ व २०२२ मध्ये रद्द केले. कर्ज काढून खेळणाऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता मात्र थांबल्या नाहीत.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन अधिनियम संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा शतकाहून जुना भेद या अधिनियमाने बाजूस सारला. आंतरजालावर पैसे लावून खेळविण्यात येणारे सर्व खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीचे आर्थिक व्यवहार निषिद्ध ठरविले. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नसून खेळविणाऱ्यावर आहे. पैजेविना चालणारे बुद्धिबळ, ल्यूडो वा रमी यांना बंदी नाही. अधिनियमाच्या वैधतेस कर्नाटक, दिल्ली व मध्य प्रदेश येथील उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.